संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

"मिस्तरी, हा दरवाजा कोणाच्या हुकमानं बंद करताय?"

तात्या खैरनार माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. अंगात खाकी शर्ट, खांद्याला रिकामी चामड्याची पिशवी, पायांत रबरी सपाता. मी त्यांच्या गॅलरीत गुडघे टेकून बसलो होतो. उजव्या हातात वेल्डिंगचा चिमटा, डाव्या हातात तोंडापुढे धरायची काळी काच, आणि समोर ग्रिलमधली छोटी झडप. ती मला कायमची बंद करायची होती.

मी काच खाली घेतली आणि हसत हसत त्यांना एक उत्तर दिलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. उत्तर सांगतोच, पण त्याआधी मी तिथं कसा पोचलो ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल की हा माणूस मुळातच मठ्ठ होता. तसं नव्हतं. मी नुकताच मालक झालो होतो, एवढंच.

त्याआधी आठ वर्षं मी नाशकात सातपूरला रज्जाकभाईंच्या वर्कशॉपमध्ये होतो. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, असलं काम. रज्जाकभाईंच्या हाताला जेवढी सफाई, तेवढीच जीभ तिखट. त्यांचे दोन हट्ट होते. पहिला म्हणजे माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी झडप ठेवल्याशिवाय ते ग्रिल बनवायचेच नाहीत. आणि दुसरा हट्ट त्याहून चमत्कारिक. ग्रिल बसवून झालं की हत्यारं गोळा करायच्या आधी ते विचारायचे, घरात सगळ्यात जुनं माणूस कोण? मग त्या आजीला किंवा आजोबांना हाताला धरून आणायचं, त्यांच्या हातात झडपेची किल्ली द्यायची, त्यांच्याकडूनच कुलूप उघडून घ्यायचं आणि त्यांना हात बाहेर काढून दाखवायला लावायचं. तरण्याताठ्या माणसाला झडप उघडता आली याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. म्हातारं माणूस थरथरत्या हातानं उघडू शकलं, तरच काम पुरं झालं.

एकदा एक गिऱ्हाईक अडून बसलं. त्याला झडप नको होती. चोर झडपेतूनच येतात म्हणे. रज्जाकभाईंनी त्याला चहा पाजला, नाक्यापर्यंत सोडायला गेले आणि दुसऱ्या वर्कशॉपचा पत्ता देऊन परत आले. मोठं काम होतं. मी चिडून म्हणालो, "भाई, असं गिऱ्हाईक घालवून धंदा होतो का?"

"केदा, मी ग्रिल बनवतो. तुरुंग बांधायचं काम सरकारचं," ते म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांचं असलं बोलणं मला तेव्हा माजोरीपणा वाटायचं. मनात म्हणायचो, माझं स्वतःचं दुकान असतं तर गिऱ्हाईकाला देवासारखं मानलं असतं. आणि खरंच, त्या दिवाळीनंतर मी काम सोडलं. वर्कशॉपमधली पोरं म्हणाली, आडनाव पगार आणि सोडला तो पगारच. मीही हसलो. सिडकोत एक गाळा भाड्यानं घेतला, बायकोनं वेल्डिंग मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मी मालक झालो. पुढचे तीन महिने नुसत्या माश्या मारल्या.

मग विलास खैरनार आले. माझ्याच मागच्या गल्लीत त्यांची सोसायटी होती, चोवीस फ्लॅटची. विलासराव अंबडच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे आणि सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांना पहिल्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीला ग्रिल हवं होतं. काम पसंत पडलं तर बाकीच्या तेवीस फ्लॅटचंही तुलाच देऊ, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मी तीन दिवस जीव ओतला.

झडप मी सवयीनं ठेवली. आणि बसवून झाल्यावर सवयीनंच तोंडातून गेलं, घरात सगळ्यात जुनं माणूस कोण?

विलासरावांनी वडलांना आणलं. तात्या एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. रिटायर झाल्यावर काही वर्षं बरी गेली आणि मग डोक्यातले दिवस मागेपुढे व्हायला लागले. कधी सून ओळखू यायची, कधी तिला प्रवासी समजून बसायला जागा करून द्यायचे. पण हात शाबूत होते. मी किल्ली दिली, त्यांनी कुलूप उघडलं, झडप ढकलली, हात कोपरापर्यंत बाहेर काढला, मग डोकं काढून खाली पाहिलं. खाली हाताच्या अंतरावर मीटरच्या खोलीचा स्लॅब होता आणि तिथून जमीन.

"संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग," ते मोठ्यानं म्हणाले. एसटीत लाल अक्षरांत लिहिलेलं असतं तसंच, शब्द न् शब्द. "ठीक आहे. गाडी सोडा." आणि हवेतली दोरी दोनदा ओढली.

मला इतकं हसू आलं आणि इतकं बरं वाटलं. माझ्या मालकीचं पहिलं काम एका कंडक्टरनं पास केलं होतं.

त्यानंतर दोन महिन्यांत तात्या तीन वेळा त्या झडपेतून ड्युटीवर गेले. नवरा-बायको दोघं कामावर असायचे, तात्या हरवू नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप असायचं. पण तात्यांना दुसरा मार्ग ठाऊक होता, आणि तो त्यांना मीच दाखवला होता. झडपेतून स्लॅबवर, स्लॅबवरून खाली, पंचाहत्तरीचा माणूस, एक ओरखडासुद्धा नाही. पहिल्या दोन वेळा स्टॉपवरच सापडले. तिसऱ्या वेळी संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. शेवटी सिन्नरच्या स्टँडवर कोणीतरी ओळखलं. अनवाणी पायांनी लोकांना रांग लावायला सांगत होते. झडपेची किल्ली लपवून झाली होती, पण देवघरातली समईची वात सारायची काडी घेऊन तात्यांनी कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी विलासराव माझ्या गाळ्यात आले. डोळे तारवटलेले. उभ्या उभ्याच म्हणाले, "केदा, ती झडप बंद करून टाक. वेल्डिंगच मार."

मी म्हणालो, "साहेब, झडप राहू द्या. आपण कुलूप मोठं लावू."

ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. गाळ्यात पंख्याचा तेवढा आवाज. मला वाटलं, हे रागावले. रविवारी सोसायटीची मीटिंग होती आणि तेवीस गॅलऱ्यांचं काम त्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. रज्जाकभाई डोळ्यांपुढे आले, नाही असं नाही. पण गरजवंताला अक्कल नसते. मी घाईघाईनं म्हणालो, "बरं बरं, तुम्ही म्हणता तसं. बंद करतो. एकदम पक्कं."

"हं," ते म्हणाले आणि गेले.

तर असा मी त्या गॅलरीत गुडघे टेकून बसलो होतो, आणि तात्यांनी विचारलं होतं, कोणाच्या हुकमानं.

मी म्हणालो, "विलासभाऊंच्या."

तात्यांनी मान हलवली. "गाडीला संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग लागतो, मिस्तरी. नसला तर गाडी डेपोतून निघत नाही."

"तात्या, संकट आलं तर मला हाक मारा. मी मागच्याच गल्लीत आहे. धावत येतो."

हेच ते उत्तर. लहान मुलाची समजूत घालतो तसं दिलेलं. तात्यांनी ते मनापासून घेतलं. माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, जसं काही चेहरा पाठ करत होते. मग विचारलं, कुठले? मी म्हणालो, सटाण्याचा. ते खूश झाले. सटाण्याच्या गाडीवर त्यांनी नऊ वर्षं काढली होती. देवळ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, चहा तिथंच घ्या, असं त्यांनी मला बजावलं. रिकाम्या पिशवीत हात घातला, बोटांनी एक तिकीट फाडलं, त्याला चिमटा मारला आणि ते नसलेलं तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं.

"सांभाळून ठेवा. चेकर चढला तर दाखवावं लागेल."

मी मूठ मिटून खिशात घातल्यासारखं केलं. मग काच तोंडापुढे धरली.

आमच्या कामात झडप बंद करायची तर चार ठिकाणी चार टाके पुरतात. टाका म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका. उद्या कोणाचा विचार बदलला तर हातोड्याच्या दोन घावांत सुटतो. विलासरावांनी टाके की पूर्ण, असं काही सांगितलं नव्हतं. पण मला काम दाखवायचं होतं. मी चारही बाजूंनी सलग वेल्डिंग ओढलं, कुठंही न तोडता. वरची खपली उडवली, ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलं, रंग मारला. झडप कुठं होती ते बोट फिरवूनही कळेना. त्या दिवशी मी म्हाताऱ्या माणसाला बोलावलं नाही. उघडून दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रविवारी सोसायटीचं काम मला मिळालं. बायकोनं शिरा केला.

पाच आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, सोसायटीचा वॉचमन धापा टाकत गाळ्यात आला. खैरनारांच्या घरात आग लागली होती. नंतर कळलं, हॉलमधल्या फ्रिजच्या मागची वायर. दाराला बाहेरून कुलूप, दाराच्या आत जाळ, आणि तात्या मागच्या गॅलरीत.

"तुम्हालाच हाका मारून ऱ्हायलेत," वॉचमन म्हणाला. "मिस्तरी, मिस्तरी म्हणून. दुसरं काही बोलतच नाहीत."

मी ग्राइंडर, हातोडा, छिन्नी, करवत, हाताला लागलं ते उचललं आणि पळालो. सांगितलं होतं ना, धावत येतो. तसाच धावत गेलो.

मीटरच्या खोलीच्या स्लॅबवर चढलो. वर तात्या ग्रिलला धरून उभे होते आणि त्यांच्या पाठीमागून काळा धूर येत होता. ग्राइंडर चालला असता तर दोन मिनिटांचं काम. पण कोणीतरी शहाणपणानं बिल्डिंगची लाइट बंद केली होती, आणि ते बरोबरच होतं. समोरच्या दुकानातून वायर ओढायला लोक पळाले, ती पुरेना. ग्राइंडर नुसतं ओझं होऊन पडला.

मी हातोडा घातला. जिथं झडप होती, तिथंच घातला. जोड हलला नाही. छिन्नी लावून घातला, छिन्नीचं तोंड मोडलं. करवत लावली, घाईत पातं तुटलं, दुसरं लावलं. आयुष्यात मी एवढं पक्कं काम कधी केलं नव्हतं आणि ते माझ्याच हाताला दाद देत नव्हतं. मी रडत होतो आणि शिव्या देत होतो, कोणाला ते माहीत नाही.

तात्या मात्र शांत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मागे वळून धुराला म्हणाले, "आले मिस्तरी. घाई करू नका. एकेकानं उतरायचं. आधी लेकुरवाळ्या बाया."

"तात्या, खाली बसा. तोंड खाली करा, सळयांना लावा."

"कंडक्टर शेवटी उतरतो," त्यांनी मला समजावून सांगितलं. धुरात त्यांना भरलेली गाडी दिसत होती. खोकत खोकत ते बाजूला सरकले आणि कोणाला तरी पुढे जायला वाट करून दिली.

मी सळई कापत राहिलो. अर्धी कापून झाली असेल. त्यांचा हात सळयांमधून बाहेर आला, कोपरापर्यंत, पहिल्या दिवशी झडपेतून काढला होता तसाच. त्यांनी माझं मनगट धरलं. मला करवत चालवता येईना, पण तो हात झटकायचा धीरही होईना. थोड्या वेळानं पकड आपोआप सुटली.

अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांच्या जवानांनी मला खाली ओढलं आणि त्यांच्या यंत्रानं बघता बघता तेवढा तुकडाच कापून बाजूला केला. तात्यांना बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. धूरच गेला होता छातीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मला कोणी काही विचारलं नाही. पंचनामा झाला, आग कशी लागली ते लिहिलं गेलं, ग्रिलचा उल्लेख आला असेल नसेल. सोसायटीतले लोक उलट म्हणाले, केदा बिचारा पहिला धावला, हात सोलून घेतले. मी रोज वाट बघायचो, आज कोणीतरी येईल आणि म्हणेल, दाखव. चेकर काही चढला नाही.

विलासराव आले ते तेरावं झाल्यावर. डोक्यावर केसांचे खुंट उगवलेले. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं. ग्रिलचा कापलेला तुकडा. सगळीकडच्या सळया कापलेल्या होत्या आणि मध्ये झडप, चारी बाजूंनी जशीच्या तशी जोडलेली. रंग करपून गेल्यामुळे माझ्या वेल्डिंगची रेघ आता स्वच्छ दिसत होती.

"हे तुझं," ते म्हणाले. "सळया कापाव्या लागल्या त्यांना. जोड नाही सुटला."

मी म्हणालो, "साहेब, माझं चुकलं."

"मी सांगितलं, तू केलंस." ते खुर्चीवर बसले. पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी इथं उभा होतो, आठवतं? तू म्हणालास, झडप राहू द्या."

"हो. मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलो नव्हतो रे. वाट बघत होतो." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "तू आणखी एकदा म्हणाला असतास, तर मी तसाच परत गेलो असतो. स्वतःच्या बापाला कोंडायचं कोणाला असतं? मला वाटत होतं, कोणीतरी नाही म्हणावं."

चहा सांगू का, एवढंच मी विचारलं. ते नको म्हणाले. जाताना त्यांनी गोणपाट घडी करून बरोबर नेलं, तुकडा तिथंच ठेवला.

आता माझ्याकडे सहा माणसं कामाला आहेत. आयटीआयवाले दरवर्षी बोलावतात, मुलांना स्वयंरोजगारावर दोन शब्द सांगा म्हणतात. मी जातो. वेळ पाळा म्हणतो, हत्यारं स्वतः पुसा म्हणतो, मापं दोनदा घ्या म्हणतो. मुलं टाळ्या वाजवतात. रज्जाकभाईंकडे "नाही" म्हणायला रज्जाकभाई होते, मी नुसता चिडायचो. माझ्या गाळ्यात ते कोण म्हणणार होतं, हे मुलांना सांगावं असं दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी राहून जातं. येताना एसटीनं येत नाही. मागच्या काचेवरची लाल अक्षरं वाचत बसणं मला झेपत नाही, आणि कंडक्टर तिकीट द्यायला आला की हात पुढे होत नाही.

तो तुकडा माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर टांगलेला आहे. नवी गिऱ्हाइकं त्याला नमुना समजतात. परवाही एकजण आले, चाळिशीचे, चांगले कपडे. नवा फ्लॅट घेतलाय, गॅलरीला ग्रिल करायचंय म्हणाले. बोलता बोलता उठले, त्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा, मिस्तरी. मला अस्संच पाहिजे. झडपबिडप काही नको. सरळ बंद करून टाका."

मी म्हणालो, झडप लागेल. घरात सगळ्यात वयस्कर कोण आहे?

ते गप्प झाले. अंगठा तसाच तुकड्यावर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. रागावले की काय, कळेना. तसल्या गप्प बसण्याची मला अजून भीती वाटते. पंख्याचा आवाज येत होता.

मी पुन्हा म्हणालो, झडप लागेल.